मुलांच्या हातची फुलभिंत

वसंत आला की बालवर्गाच्या नाहीतर मुलांच्या खोलीच्या भिंतीवर फुलं लावायची, हे ठरलेलंच असतं. पण बहुतेक भिंतींवर दिसतं ते मोठ्यांचं काम. एकाच मापाची, एकाच छापातून काढलेली फुलं, आणि तीही छताजवळ. मुलांच्या वाट्याला फार तर चिकटवणं येतं. मी बरीच वर्षं दोन ते सात वयाच्या मुलांबरोबर कागदकाम करते आहे आणि माझं मत ठाम आहे: भिंत मुलांच्या नजरेच्या उंचीवर हवी आणि तिच्यावरचं प्रत्येक फूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलाच्या हातून झालेलं हवं. पाकळी वाकडी येईल, देठ निळा निघेल. चालेल. मोठ्यांचं काम वेगळं आहे आणि ते भरपूर आहे. योग्य कागद निवडायचा, तुकडे आधी कापून ठेवायचे, डिंक आटोक्यात ठेवायचा आणि मुलं काम करत असताना आपले हात मांडीवर ठेवून बसायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

आधी भिंत ठरवा

तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं, पाच वर्षांचं ११०च्या आसपास. म्हणजे त्यांची नजर जमिनीपासून ८५ ते १०० सेंटिमीटरवर असते. जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर सुरू होणारा आणि १२० सेंटिमीटरवर संपणारा पट्टा निवडा. मोठ्यांना तो फार खाली वाटतो, पण मुलं त्याच्यापुढे मांडी घालून बसतात, आपलं फूल बोटाने दाखवतात, शेजारच्याचं फूल हळूच उचकटूनही बघतात. तेवढी जवळीक छताखालच्या सजावटीशी होत नाही. पट्टा निवडताना विजेची बटणं, दिवे, हीटर आणि शेगडी यांच्यापासून तो लांब आहे ना, दाराच्या वाटेत येत नाही ना, एवढं बघून घ्या.

फुलं थेट भिंतीवर चिकटवू नका. आधी एक मोठा एकसंध कागद लावा आणि सगळं काम त्याच्यावर होऊ द्या. खाकी कागदाचा रोल उत्तम, जुनी एकरंगी चादरही चालते. कडेने मास्किंग टेप लावायची, कारण ती काढताना रंगाचे पापुद्रे सहसा निघत नाहीत. पारदर्शक टेप आणि डबल टेप मात्र भिंतीचा रंग ओढून घेतात. टाचण्या, पुश पिन आणि स्टेपल मुलांच्या हाताच्या उंचीवर अजिबात नकोत.

कागदाच्या रंगाचा थोडा विचार करा. आपला हात पटकन पांढऱ्या किंवा फिकट निळ्याकडे जातो. माझी शिफारस गडद रंगाची आहे: काळा, गर्द हिरवा, गडद जांभळा. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी १७७२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली आणि पुढच्या दहाएक वर्षांत जवळजवळ एक हजार फुलचित्रं केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. त्या फुलांची पार्श्वभूमी काळी आहे आणि त्यामुळे पांढरी नाजूक पाकळीसुद्धा उठून दिसते. लहान मुलांच्या कामाला हा गुण फार उपयोगी पडतो. त्यांनी फाडलेल्या कागदाची कड पांढरी, दातेरी असते. पांढऱ्यावर ती हरवते, काळ्यावर तीच पाकळीची किनार होऊन बसते.

कागद लागला की फुलांच्या आधी देठ करा. मोकळ्या कागदापुढे उभं राहिलेलं मूल फूल कुठे लावायचं या विचाराने अडतं, देठ असले की त्याला जागा सापडते. हिरव्या क्रेप पेपरच्या तीन सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. दोन मुलांनी एकेक टोक धरायचं आणि उलटसुलट दिशांना पीळ द्यायचा. समोरासमोर बसलेल्या दोघांनी आपापल्या उजवीकडेच पिळायचं, म्हणजे दिशा आपोआप उलट होतात. कागदाची दोरी होत जाते तशी मुलं आपोआप एकमेकांकडे सरकतात, कारण पीळ बसला की लांबी कमी होते. ही दोरी खालून वर चिकटवायची. कुणाला रंगवायचंच असेल तर जाड ब्रशने हिरव्या रंगाची एक रेघ, तीही खालून वर. झाड त्याच दिशेने वाढतं हे मुलांना सांगावं लागत नाही, हातच सांगतो.

खरं फूल हातात द्या

कागद काढण्याआधी दहा मिनिटं खरी फुलं बघण्यात घालवा. खाली पडलेली चालतील. पाकळ्या मोजायच्या. सदाफुलीला पाच, जास्वंदीला पाच, मोहरीच्या इवल्या पिवळ्या फुलाला चार, आणि त्या चार अधिकच्या चिन्हासारख्या समोरासमोर. लिली आणि ट्यूलिपला सहा दिसतात. नीट पाहिलं तर तीन बाहेर आणि तीन आत अशा दोन रांगा असतात. सूर्यफूल म्हणजे तर एक फूल नव्हेच. मधली तबकडी शेकडो बारीक फुलांची असते आणि कडेची प्रत्येक पिवळी पाकळीसुद्धा एक स्वतंत्र फूल असतं. हे कळल्यावर पाच वर्षांची मुलं सूर्यफुलाच्या मध्यभागी एक तपकिरी गोल चिकटवून थांबत नाहीत, कागदाचे बारीक गोळे एकेक करून बसवत जातात. कामाला दुप्पट वेळ लागतो. लागू द्या.

एक काळजी घ्या. कण्हेरीची फुलं, पानं, फांद्या, सगळंच विषारी असतं. ती मुलांच्या हातात देऊ नका. ज्या झाडाचं नाव आपल्याला माहीत नाही आणि ज्याचा चीक हाताला लागतो, त्याची फुलं लांबूनच दाखवावीत. बघून झालं की हात धुवायचे.

फाडणं आणि चुरगळणं: दोन-तीन वर्षांची मुलं

या वयात कात्री नकोच. फाडणं हीच मोठी कारागिरी आहे. दोन वर्षांच्या मुलाला कागद फाडायला सांगितलं की ते दोन्ही हातांनी कडा धरून बाहेरच्या बाजूला ओढतं. जोर खूप लागतो, कागद फाटत नाही, मूल वैतागतं. खरी युक्ती वेगळी आहे. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या कागदाच्या वरच्या कडेवर अगदी शेजारी शेजारी आणायच्या, नखं एकमेकांना लागतील इतक्या. मग एक हात आपल्याकडे आणि दुसरा समोर. कागद लगेच सुटतो आणि फाटल्याचा तो आवाज येतो, ज्याच्यासाठी मुलं पुन्हा पुन्हा फाडतात. सुरुवातीला कडेवर आपण कात्रीने अर्धा सेंटिमीटरचा छेद देऊन ठेवावा. छेदाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवायची हे मुलाला दिसतं आणि पुढचं त्याचं ते करतं.

कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, हेही ध्यानात असू द्या. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात. तंतूंच्या दिशेने फाडलं तर पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं तर कड नागमोडी येते. आपण आधी एक तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून बघायचा. पाकळ्यांसाठी कागद आडवा द्यायचा, गवतासाठी उभा.

चुरगळलेल्या कागदाचा बहर हे या वयाचं माझं सगळ्यात आवडतं काम. पतंगाचा पातळ कागद पाच सेंटिमीटरच्या चौकोनांत कापून ठेवा, गुलाबी, पांढरा आणि फिकट जांभळा असा मिसळून. मुलाने एक चौकोन मुठीत घ्यायचा, चुरगळायचा, बोटांच्या चिमटीत गोळी करायची, डिंकात एक बाजू टेकवायची आणि आधी काढून ठेवलेल्या फांदीवर दाबायची. दाबताना मनात तीनपर्यंत मोजायचं. एवढंच. पण गोळी करताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची जी हालचाल होते, तीच पुढे पेन्सिल धरताना लागते. दोन वर्षांचं मूल आठ-दहा गोळ्या लावून उठून जाईल. उठू द्या, ती फांदी दुसऱ्या दिवशी पुढे भरेल. एकाच बैठकीत फांदी पुरी करायचा आग्रह मुलाचा नसतो, आपला असतो.

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, बटणं, टिकल्या किंवा कुठलीही नाण्याएवढी वस्तू देऊ नका. सगळं तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं. चमकी मी कुठल्याच वयाला देत नाही. ते बहुतेक वेळा बारीक प्लास्टिक असतं, डोळ्यांत जातं आणि चमकी लागलेला कागद पुनर्वापराला जात नाही. चमक हवीच असेल तर घोटीव कागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडा. खाली पडलेले गोल ठिपके छान चमकतात.

ठसे

ठशांसाठी विकतच्या छापांची गरज नाही. सोड्यासारख्या फसफसणाऱ्या पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा तळ बघा. आतल्या वायूचा दाब पेलता यावा म्हणून तो पाच फुगीर पायांचा केलेला असतो. तो रंगात बुडवून कागदावर उमटवला की पाच पाकळ्यांचं फूल. बाटली मुलाच्या मुठीत नीट मावते, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलालाही ठसा साधतो. काट्याचमचाच्या पाठीचा ठसा अगदी ट्यूलिपसारखा येतो. पुठ्ठ्याच्या नळीच्या एका टोकाला एकेक सेंटिमीटरवर चिरा देऊन पट्ट्या बाहेर वाकवल्या की किरणांसारखं शेवंतीचं फूल उमटतं. चिरा आपण द्यायच्या, ठसे मुलांनी.

रंग खोलगट ताटलीत ओतू नका. ताटलीत स्पंजचा पातळ तुकडा ठेवा, त्यावर पोस्टर कलर पसरा आणि ठसा त्या स्पंजवर दाबायला द्या. रंग बेताचा लागतो आणि पाकळ्या एकमेकींत मिसळून गोळा होत नाहीत. एका दिवशी दोनच रंग काढा आणि ते एकमेकांशी जमणारे काढा. लाल आणि पिवळा मिसळले तर केशरी होतो, निळा आणि तांबडट गुलाबी मिसळले तर जांभळा. लाल, पिवळा आणि निळा तिन्ही एकदम दिले तर थोड्याच वेळात सगळ्या ताटल्यांत चिखलाचा रंग होतो आणि मुलं हिरमुसतात.

ठशांच्या दिवशी आणखी एक काम उरकून घेता येतं. कोऱ्या कागदांवर मुलांना हवा तो एकेक रंग पूर्ण भरू द्यायचा, आकार काही काढायचा नाही. हे कागद वाळवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांतून पाकळ्या फाडायच्या किंवा कापायच्या. आंरी मातिस हे फ्रेंच चित्रकार १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराच वेळ खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत असत. त्यांनी याच रीतीने काम केलं. आधी कागद रंगवून घ्यायचे, मग रेघ न आखता थेट कात्रीने आकार कापायचे आणि भिंतीवर लावून त्यांच्या जागा बदलत राहायचं. मुलांना ही रीत लगेच भावते, कारण रंगवताना रेघेच्या बाहेर जाण्याची भीती नसते आणि कापताना पुसायला रेघच नसते. विकतच्या रंगीत कागदाचा रंग सपाट असतो. मुलाने रंगवलेल्या कागदावर ब्रशचे ओरखडे राहतात आणि त्यातून कापलेली पाकळी जिवंत दिसते.

पाण्याने पसरणारा रंग

चार वर्षांपुढच्या मुलांना या फुलाचं वेड लागतं. कॉफी गाळायचा गोल कागद घ्या. नसेल तर पांढऱ्या पेपर नॅपकिनचे पदर सुटे करून एकेका पदराचा गोल कापा. मधोमध रुपयाएवढी जागा कोरी सोडायची आणि तिच्याभोवती स्केचपेनने ठिपके किंवा जाड कडं काढायचं. पेन पाण्यात विरघळणारं हवं, पक्क्या शाईच्या मार्करचा काही उपयोग नाही. कागद वाटीवर पसरून ठेवा आणि ड्रॉपरने मध्यभागी पाण्याचे दोन-तीन थेंब सोडा. पाणी तंतूंमधून बाहेर सरकतं, जाताना रंग बरोबर नेतं आणि कडेकडे रंग पसरत जातो. काळ्या स्केचपेनचं कडं काढलं तर गंमत आणखी वाढते. काळी शाई सहसा अनेक रंग मिसळून केलेली असते, त्यातले काही रंग पाण्याबरोबर लांब जातात, काही मागे राहतात, आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी तांबूस असे रंग सुटे होतात. मुलं अशा वेळी एकदम गप्प होतात. त्या वेळी आपणही बोलू नये. समजावून सांगायची घाई केली की बघणं थांबतं.

थेंब दोन-तीनच. ड्रॉपर हातात आला की मुलाला तो रिकामा करावासा वाटतो आणि मग रंग कडेवरून वाटीत उतरतो. म्हणून पाण्याची वाटीच लहान ठेवा, बाटलीच्या झाकणाएवढी. कागद पूर्ण वाळला की मध्यभागी खालून चिमटी धरायची, पीळ द्यायचा आणि दोऱ्याचे दोन वेढे घ्यायचे. वरचा भाग फुलासारखा उमलतो. पिळलेला शेपटा देठाला चिकटवला की फूल भिंतीपासून बोटभर पुढे येतं.

कात्री आणि घडी

चौथ्या वर्षाच्या आसपास कात्री द्यावी. बोथट टोकाची, पण धार असलेली. धार नसलेली कात्री कागद चघळते आणि त्यात मुलाचा काहीच दोष नसतो. डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्री द्या. साध्या कात्रीत त्याला कापायची रेघ पात्याआड दिसतच नाही. पहिले काही दिवस जाडसर कागदाच्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या द्या, एका कापात तुकडा पडेल अशा. पुढे मोठ्या पट्टीच्या एका कडेला झालरीसारखे काप. ही झालर पेन्सिलीभोवती गुंडाळून खाली चिकटवली आणि वरच्या झिरमिळ्या बोटाने बाहेर वळवल्या की झेंडूसारखं दाट फूल तयार होतं. सरळ कापण्याएवढीच कसब लागते आणि फूल मात्र भरघोस येतं.

सहा-सात वर्षांची मुलं घडीचं फूल करू शकतात. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन घ्या. एकदा अर्धा, पुन्हा अर्धा, असा छोटा चौकोन करा. ज्या कोपऱ्यात सगळ्या घड्या येतात तो मूळ कागदाचा मध्य. त्या कोपऱ्यातून तिरकी घडी घालून त्रिकोण करा. आता मधल्या कोपऱ्याला चिमटीत घट्ट धरायचं आणि समोरच्या सुट्या बाजूला वक्र कापायचं. तो कोपरा सुटता कामा नये. तिथेच कात्री लागली तर फुलाऐवजी हातात सुट्या पाकळ्या येतात. वक्र कसा कापला यावर सगळं ठरतं. त्रिकोणाच्या दोन घड्यांच्या मधोमध उंचवटा आणि दोन्ही घड्यांकडे उतार असेल तर आठ पाकळ्या होतात. एका घडीवर उंचवटा आणि दुसरीकडे उतार असेल तर चारच होतात. हे आधी सांगू नका. दोन्ही तऱ्हेने कापून बघू द्या आणि उघडल्यावर मोजू द्या. पाच पाकळ्यांचं फूल मात्र या घडीतून निघत नाही. त्यासाठी पाच पाकळ्या सुट्या कापून गोलावर चिकटवाव्यात.

गुलाब हवा असेल तर सर्पिल. बारा-तेरा सेंटिमीटरचा गोल, त्यावर कडेपासून मध्याकडे जाणारी गोगलगाईच्या शंखासारखी रेघ, पट्टी सुमारे दोन सेंटिमीटर रुंद. रेघेवरून कापायचं, मध्यभागी नाण्याएवढी टिकली ठेवायची. बाहेरच्या टोकापासून पट्टी गुंडाळत आत यायचं, शेवटी उरलेल्या टिकलीवर डिंक लावून गुंडाळी तिच्यावर बसवायची. बोटं सैल सोडली की गुलाब जरा उलगडतो आणि तसाच छान दिसतो. रेघ हातानेच काढू द्या, ती थरथरली तर पाकळ्यांना लाटा येतात.

क्रेप पेपरच्या पाकळ्या हा वेगळाच आनंद आहे. या कागदाला बारीक सुरकुत्या असतात आणि तो सुरकुत्यांच्या आडव्या दिशेनेच ताणला जातो. म्हणून पाकळी कापताना सुरकुत्या उभ्या, देठापासून टोकाकडे जाणाऱ्या ठेवा. मग पाकळीच्या मध्यावर दोन्ही अंगठे ठेवून हलकेच बाजूंना ताणलं की तिला ओंजळीसारखा खोलगटपणा येतो. सुरकुत्या आडव्या आल्या तर पाकळी नुसती लांब होते. क्रेपचा रंग ओल्या हाताला आणि भिंतीला लागतो, तेव्हा हात कोरडे हवेत.

डिंक

सगळ्यात जास्त फुलं डिंकाने बिघडतात. पांढऱ्या डिंकात पाणी असतं, ते कागदाच्या तंतूंत शिरून तंतू फुगवतं, आणि वाळताना कागद आक्रसून वाकडा होतो. डिंकाची बाटली मुलांच्या हातात न देता तो झाकणात चमचाभर काढा आणि कानकोरणीच्या कापसाने किंवा जुन्या ब्रशने लावू द्या. फुलाला मध्यभागी एक ठिपका पुरतो. पाकळ्यांची टोकं मोकळी राहिली पाहिजेत, तरच फूल सपाट दिसत नाही. पतंगाच्या कागदाला आणि नॅपकिनला कांडीचा डिंक बरा.

घरी केलेली खळ लहानांसाठी चांगली. एक भाग मैदा आणि चार भाग पाणी आधी गार असतानाच गुठळ्या मोडून कालवायचं, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरी पेज घट्ट आणि जराशी पारदर्शक झाली की उतरवायची. शिजवायचं काम अर्थात मोठ्यांचं. पूर्ण गार झाली की वापरा, फ्रीजमध्ये ती काही दिवस राहते. वास बदलला की टाकून द्या.

फूल कुठे लावायचं

हा निर्णय मुलाचा. "हे काय आहे?" असं विचारू नका, "हे कुठे बसवू या?" विचारा. एका मुलाने त्याची सगळी फुलं कागदाच्या अगदी डाव्या कडेला दाटीने लावली होती आणि प्रत्येकाचं तोंड डावीकडे वाकवलं होतं. बाकी पट्टा मोकळा. मला वाटलं हात पोचत नसेल. त्याला विचारलं तर म्हणाला, "खिडकी तिकडं आहे ना." कोवळं सूर्यफूल दिवसभर सूर्याबरोबर वळतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. खिडकीतल्या कुंडीचा झुकलेला शेंडा त्याने पाहिला होता, इतकंच. ती फुलं मी सारखी केली असती तर त्याच्या निरीक्षणावर बोळा फिरला असता. म्हणून सांगते, मुलं गेल्यावर फुलं सरळ करणं, गळलेली पाकळी आपल्या हाताने नीटनेटकी लावणं, रिकामी जागा भरून टाकणं, यातलं काहीच करू नका. पाकळी पडली असेल तर ती उचलून बशीत ठेवा आणि सकाळी ज्याची त्याला द्या.

फुलाच्या मागे मुलाचं नाव आणि तारीख लिहा, पुढे नको. पुढे नाव आलं की बघणारे फुलाऐवजी नाव वाचतात आणि तुलना सुरू होते.

भिंत एका दिवसात भरू नका. पहिल्या आठवड्यात देठ आणि पानं, मग हिरव्या-गुलाबी गोळ्यांच्या कळ्या, मग उमललेली फुलं, आणि शेवटी त्यांच्याकडे येणारे पाहुणे. मधमाशीसाठी अंगठा पिवळ्या रंगात बुडवून ठसा घ्यायचा, वाळल्यावर त्यावर काळ्या दोन रेघा आणि वर पातळ कागदाचे पंख. मधमाशी कुठल्या फुलावर बसवायची यावरून गप्पा रंगतात. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, पिवळा आणि निळा मात्र तिला चांगले ओळखू येतात. हे कळलं की काही मुलं आपली माशी उचलून निळ्या फुलावर नेतात आणि काही लालवरच ठेवतात, कारण ती माशी तिथे फक्त विसावायला आली आहे. दोन्ही बरोबर.

पडलेली खरी फुलंही अधूनमधून लावता येतात. पातळ पाकळ्यांची, कोरडी फुलं जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकांचा भार द्या. पहिले काही दिवस कागद बदलत राहा, दोन-तीन आठवड्यांत फुलं वाळतात. मांसल, रसदार फुलं अशी वाळत नाहीत, बुरशी धरतात. वाळलेलं फूल ठिसूळ असतं, त्यामुळे ते चिमटीत न उचलता कागदाच्या तुकड्यावर घेऊन सरकवायचं.

लोंबत्या फुलांचे हार करायचे असतील तर दोरी आखूड ठेवा आणि दोन्ही टोकं पक्की बांधा. गळ्यात अडकेल असा सैल फास राहू देऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर तर हार नकोच.

उतरवताना

उन्हाची तिरीप येणाऱ्या भिंतीवर रंगीत कागद काही आठवड्यांत फिका पडतो, क्रेप सगळ्यात आधी. फिकी पडलेली फुलं मुलांना दाखवा आणि आता काय करायचं ते त्यांनाच विचारा. काही जण नवी पाकळी वरून चिकटवतात, काही जणांना गळलेली फुलं देठाच्या पायथ्याशी ठेवायची असतात. पट्ट्याच्या तळाशी दहा सेंटिमीटर जागा त्यासाठी सुरुवातीपासून मोकळी सोडलेली बरी.

सगळं उतरवायच्या आधी मूल आणि त्याचं फूल यांचा एकत्र फोटो काढा. मग मास्किंग टेप एका कोपऱ्यातून, भिंतीलगत मागे दुमडत सावकाश सोडवा. अडली तर हेअर ड्रायरची कोमट हवा दिली की चिकटपणा सैल होतो. ज्याचं फूल त्याच्या हातात द्या. खालचा मोठा कागद फाटलेला नसेल तर नळकांड्यावर सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पावसाळ्यात ढग, छत्र्या आणि बेडूक लावता येतील.